विश्लेषण : ३३३ विरुद्ध १११… मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत यशवंतराव चव्हाणांनी ज्येष्ठांना मागे कसे टाकले?

विधानसभेचा निकाल लागतो, बहुमत कोणाला ते कळते, तरी एक प्रश्न उरतोच : मुख्यमंत्री कोण? २०२४ मध्ये निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि शपथविधी ५ डिसेंबरला झाला. मधले बारा दिवस राज्यभरातल्या चहाच्या टपऱ्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हीच चर्चा होती. ज्यांनी मतदान केले त्यांच्या हातात मात्र या टप्प्यावर काहीही नव्हते.

अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर निवडताना पक्षाचा उमेदवार आधी ‘प्रायमरी’त ठरतो. एकाच पक्षाचे आठ-दहा इच्छुक उभे राहतात आणि सामान्य मतदार त्यांच्यातून एक निवडतात. गर्दी जास्त असेल तर पाव-तीस टक्के मतांवरही बाजी मारता येते. काही राज्ये त्यावर उपाय म्हणून पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घेतात. आपल्याकडे हा टप्पा विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत उरकला जातो. नेता एकमताने निवडला गेल्याचे जाहीर होते आणि खरी मोजणी त्याआधीच दिल्लीत किंवा एखाद्या बंगल्यावर झालेली असते.

याला महाराष्ट्राच्या इतिहासात एक ठळक अपवाद आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये काँग्रेसच्या आमदारांनी खरोखर मतदान केले, मते मोजली गेली आणि ४३ वर्षांचे यशवंतराव चव्हाण विजयी झाले. शर्यतीतल्या तीन नावांमध्ये ते सर्वात तरुण आणि मंत्रिमंडळात सर्वात कनिष्ठ होते.

देवराष्ट्रे ते येरवडा

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. वडील ते लहान असतानाच गेले. आई विठाबाईंनी मुलांना कराडमध्ये वाढवले. घरात शिक्षणाची परंपरा नव्हती, पैसाही नव्हता. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते कायदेभंगाच्या चळवळीत ओढले गेले. १९३२ मध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

येरवड्याच्या तुरुंगात त्यांना गांधीवादी, समाजवादी, मार्क्सवादी असे सगळेच भेटले. पुढे काही काळ मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा प्रभावही त्यांच्यावर होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये बीए आणि पुण्यातून १९४१ मध्ये एलएलबी असे शिक्षण त्यांनी पूर्ण केले. २ जून १९४२ रोजी फलटणच्या मोरे घराण्यातल्या वेणूताईंशी लग्न झाले आणि दोनच महिन्यांत ‘चले जाव’ आंदोलन सुरू झाले. यशवंतराव भूमिगत झाले. वेणूताईंनाही अटक झाली. त्या आजारी असल्याचे कळल्यावर १९४३ मध्ये यशवंतराव त्यांना भेटायला फलटणला आले आणि तिथेच पकडले गेले.

इंदापूर तालुक्यातल्या कळंबकरांना फलटण काही लांबचे नाही. नीरा ओलांडली की पलीकडे ते गाव येते. यशवंतरावांच्या आयुष्यात फलटण पुन्हा एकदा येणार होते, आणि त्या वेळी प्रकरण अटकेपेक्षाही महागात पडले.

कोण आधीपासून रांगेत होते?

१९४६ च्या निवडणुकीत यशवंतराव आमदार झाले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, तर मोरारजी देसाई गृहमंत्री होते. मोरारजींच्या खात्यात यशवंतराव संसदीय सचिव झाले. शिस्तीचे, हट्टी आणि तडजोड न करणारे मोरारजी त्यांनी जवळून पाहिले ते इथेच.

दोन वर्षांनी पहिली मोठी निवड करण्याची वेळ आली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासह बहुजन समाजातले अनेक नेते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. यशवंतरावांची वैचारिक जवळीक त्यांच्याशी होती, मित्रही तिकडेच होते. ते मात्र काँग्रेसमध्ये राहिले. त्या वेळी ही निवड अनेकांना भित्री वाटली. पुढच्या आठ वर्षांत तिचा हिशेब वेगळा निघाला.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत एक अजब प्रकार घडला. मुंबई राज्यात काँग्रेसने ३१५ पैकी २६९ जागा जिंकल्या, पण मुख्यमंत्रिपदाचे प्रमुख दावेदार मोरारजी स्वतःच्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले. अशा वेळी महाराष्ट्र काँग्रेसचे सर्वात वजनदार नेते भाऊसाहेब हिरे यांची संधी उघड दिसत होती. मालेगाव परिसरातल्या शेतकरी घरातून आलेले हिरे संघटनेचे माणूस होते. मराठी आमदारांचा मोठा गट त्यांच्यामागे होता. तरीही पक्षश्रेष्ठींचा कौल मोरारजींकडे गेला. पराभूत उमेदवार मुख्यमंत्री झाला आणि नंतर पोटनिवडणुकीतून विधानसभेत आला. हिरे यांनी माघार घेऊन महसूल खाते स्वीकारले. कूळकायद्यातल्या दुरुस्त्यांमुळे त्यांचे नाव गावोगावी पोहोचले ते याच काळात. यशवंतरावांकडे पुरवठा खाते आले. मानाच्या क्रमात ते बरेच खाली होते.

म्हणजे १९५६ उजाडले तेव्हा रांग स्पष्ट होती. मोरारजी पदावर होते. हिरे एकदा थांबले होते आणि आता त्यांचा नंबर होता. चव्हाणांचे नाव तिसरे.

फलटणमध्ये नेमके काय झाले?

ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ अशी त्याची शिफारस होती. मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्यांचा भडका उडाला. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा रक्त सांडले. आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या १०६ सांगितली जाते. गृह खाते आणि मुख्यमंत्रिपद मोरारजींकडे असल्याने रोष थेट त्यांच्यावर होता.

महाराष्ट्र काँग्रेसची कोंडी झाली. शंकरराव देव आणि हिरे हे लोकभावनेच्या जवळ होते. राजीनाम्यांची भाषाही सुरू झाली होती. अशा वातावरणात डिसेंबर १९५५ मध्ये फलटणला मालोजीराव नाईक निंबाळकर यांच्या पुढाकाराने काँग्रेस कार्यकर्त्यांची बैठक झाली. तिथे यशवंतरावांनी देवांच्या मार्गाला उघड विरोध केला. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांपैकी एकाची निवड करावी लागली तर आपण नेहरूंना मोठे मानू, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता.

महाराष्ट्रात संतापाची लाट आली. त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवण्यात आले, त्यांच्या सभा उधळल्या गेल्या. त्या आठवड्यात पश्चिम महाराष्ट्रात जनमत चाचणी घेतली असती तर चव्हाण तळाला असते. प्रायमरी असती तर ते पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

पण मतदार जनता नव्हती. इथेच या निवडणुकीची किल्ली आहे.

मतदार यादी कशी बदलली?

ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने नवा तोडगा स्वीकारला : विशाल द्विभाषिक मुंबई राज्य. कन्नड भाषक जिल्हे म्हैसूरला गेले. उरलेल्या मुंबई राज्यात हैदराबादमधून मराठवाडा, मध्य प्रदेशातून विदर्भ आणि शिवाय सौराष्ट्र व कच्छ जोडले जाणार होते. १ नोव्हेंबरला हे राज्य अस्तित्वात येणार आणि त्याआधी त्याचा नेता निवडायचा होता. हा निर्णय गुजरातमध्येही सर्वांना रुचला नव्हता. अहमदाबादेत त्याविरुद्ध आंदोलन पेटले, तिथेही गोळीबार झाला.

कळंबसारखे गाव या नकाशात कुठे बसते ते पाहिले तर गणित सोपे होते. इंदापूर तालुका जुन्या मुंबई राज्यातच होता. तिथला आमदार हिरे ज्या गटाचे नेतृत्व करत होते त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या मराठी आमदारांपैकी एक. फक्त या गटाचे मतदान झाले असते तर लढत बरीच अटीतटीची झाली असती, असे मानायला जागा आहे. पण आता मतदारांत गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मुंबई शहर, नागपूर, औरंगाबाद सगळेच आले. यांतल्या अनेकांचा हिरे यांच्याशी ना जुना संबंध होता, ना त्यांच्या रुसव्याशी देणेघेणे. हिरे यांनी दहा वर्षे जी मते सांभाळली ती सगळी त्यांच्याकडे राहिली असती तरी ती आता एका मोठ्या आकड्याचा छोटा भाग होती.

जात हाही मुद्दा इथे निर्णायक नव्हता, कारण हिरे आणि चव्हाण दोघेही मराठा शेतकरी घरातले. फरक होता तो दिल्लीच्या आणि गुजराती आमदारांच्या विश्वासाचा. तो विश्वास फलटणच्या बैठकीने चव्हाणांच्या खात्यावर जमा केला होता. जे विधान मतदारांत त्यांना बुडवत होते, त्याच विधानाने त्यांना आमदारांत तारले.

मोरारजींनी माघार का घेतली?

द्विभाषिकाचे नेतृत्व मोरारजींनीच करावे, असे मानणारा मोठा गट होता. मोरारजींची अट होती की निवड एकमताने व्हावी. मते मोजून नेता होण्याची त्यांची तयारी नव्हती. हिरे यांनी या वेळी थांबायला नकार दिला. १९५२ मध्ये ते एकदा थांबले होते, हे लक्षात घेतले तर त्यांचा नकार समजण्यासारखा आहे. मग मोरारजींनी आपले नाव मागे घेतले आणि त्यांचा पाठिंबा चव्हाणांकडे वळला.

तिघांच्या लढतीत दुसऱ्या दोघांचे भांडण तिसऱ्याच्या पथ्यावर पडते, हे कोणत्याही ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दिसते. पण इथे त्याहून अधिक काही झाले. मोरारजींचे मतदार नुसते मोकळे झाले नाहीत, ते जवळपास एकगठ्ठा सरकले. हिरे यांना वाटले असावे की लढत मोरारजींशी आहे आणि मराठी आमदार मोरारजींविरुद्ध एकत्र येतील. समोर मराठीच उमेदवार उभा राहिल्यावर तो आधारच गेला. मोरारजी रिंगणात राहिले असते तर कदाचित हिरे यांची मते वाढली असती.

मतमोजणी झाली. चव्हाण ३३३, हिरे १११. एकूण ४४४ पैकी बरोबर तीन चतुर्थांश मते एकीकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले.

विजयाची किंमत किती?

आमदारांच्या मतदानाला सहा महिनेही झाले नाहीत तोच जनतेचे मतदान आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचा धुव्वा उडवला. समितीचे शंभराच्या आसपास आमदार आले. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून दोन हजारांहूनही कमी मतांनी कसेबसे निवडून आले. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जागांवर सरकार टिकले. म्हणजे ज्या भागांनी ऑक्टोबरमध्ये त्यांना नेता केले होते, जवळपास त्याच भागांनी त्यांना सत्तेत ठेवले. स्वतःचा प्रदेश विरोधात गेला होता.

इथून पुढची तीन वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात चांगला काळ म्हणावा लागेल. हरलेल्या बाजूशी त्यांनी सूड उगवला नाही. विरोधकांशी बोलणे चालू ठेवले. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. रस्त्यावर हजारो माणसे काळे झेंडे घेऊन उभी होती, तरी प्रसंग शांततेत पार पडला. मराठी लोकांच्या मनात नेमके काय आहे ते नेहरूंनी त्या रस्त्यावर स्वतः पाहिले. हा दौरा मुख्यमंत्र्यांना अडचणीचा ठरला की उपयोगी, यावर वाद घालता येईल. द्विभाषिक चालणार नाही हे दिल्लीला पटत गेले, आणि पटवणारा माणूस तोच होता ज्याच्या निष्ठेवर दिल्लीला शंका नव्हती. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. फलटणच्या भूमिकेवर झालेली टीका त्यामुळे पुसली गेली असे नाही. समितीने लढा दिला नसता आणि माणसे मेली नसती तर दिल्ली हलली असती का, हा प्रश्न समितीचे लोक तेव्हाही विचारत होते.

कळंब परिसरावर काय परिणाम झाला?

आमदारांच्या एका मतदानाचा गावाशी काय संबंध, असे वाटू शकते. त्या मतदानातून आलेल्या सरकारचे तीन निर्णय पाहा. आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांना फीमाफी मिळाली आणि जातीबरोबर उत्पन्नाचा निकष आला. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. १ मे १९६२ पासून तालुक्यातल्या रस्त्या-शाळांचे निर्णय घेणारी निवडून आलेली माणसे तालुक्यातच बसू लागली. सहकारी साखर कारखान्यांना बळ मिळाले, आणि पुढची पन्नास वर्षे बारामती-इंदापूरचे राजकारण या दोन संस्थांभोवतीच फिरले.

तिसरा निर्णय कळंबच्या अगदी उंबऱ्यावरचा. शेजारच्या वालचंदनगरच्या खासगी साखर उद्योगाकडे उसासाठी मोठे क्षेत्र होते. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या अशा जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. ज्यांच्या पूर्वजांनी या जमिनी खंडाने दिल्या होत्या त्यांना त्या लगेच परत मिळाल्या नाहीत. खंडकऱ्यांचा लढा पुढे अनेक दशके चालला. सहकाराचे श्रेय ज्या सरकारला दिले जाते, त्याच सरकारच्या खात्यावर ही बाकीही आहे.

भाऊसाहेब हिरे १९६१ मध्ये गेले. मुख्यमंत्रिपद त्यांना मिळाले नाही ते नाहीच.

दिल्लीत शर्यत का जिंकता आली नाही?

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीन युद्धाच्या धक्क्यात कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. राज्य मारोतराव कन्नमवार यांच्याकडे आले. वर्षभरात त्यांचे निधन झाल्यावर पुन्हा इच्छुकांची गर्दी झाली. डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. या वेळी ४४४ मतांची मोजणी नव्हती. दिल्लीतल्या चव्हाणांचा शब्द पुरेसा ठरला. आज जी पद्धत आपल्याला परिचित आहे तिची सवय महाराष्ट्राला लागली ती याच सुमारास.

उमेदवार हेरण्याची त्यांची नजर बारामतीने पाहिली. १९६७ मध्ये बारामती विधानसभेसाठी शरद पवार यांच्या नावाला स्थानिक पातळीवर विरोध होता, जुने दावेदार होते. चव्हाणांनी आपले वजन विशीतल्या पवारांच्या बाजूने टाकले.

स्वतःच्या बाबतीत मात्र गणित जमले नाही. जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर पंतप्रधानपदासाठी मोरारजी, गुलझारीलाल नंदा, इंदिरा गांधी अशी नावे चर्चेत होती, चव्हाणांचेही होते. त्यांनी मते चाचपली आणि इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. १९ जानेवारीला संसदीय पक्षात मतदान झाले : इंदिरा गांधी ३५५, मोरारजी १६९. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या पाठिंब्यावर चव्हाण मुख्यमंत्री झाले होते, ते मोरारजी त्यांच्या विरुद्ध बाजूला होते.

१९५६ मध्ये चव्हाणांचे बळ होते ते सर्व गटांना चालणारा दुसरा पर्याय असण्यात. दिल्लीत ती जागा इंदिरा गांधींनी घेतली. गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती त्यांच्याकडे येत गेली, पण निर्णायक क्षणी ते थांबून वारा पाहत राहिले, हा आक्षेप त्यांच्यावर कायम राहिला आणि तो पूर्णपणे खोटा म्हणता येत नाही. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीत त्यांनी संजीव रेड्डींच्या बाजूने कौल दिला आणि पक्ष फुटल्यावर ते इंदिरा गांधींसोबत राहिले. दोन्हीकडचा विश्वास पातळ झाला.

१९७७ नंतर ते इंदिरा गांधींपासून वेगळे झाले. जुलै १९७९ मध्ये लोकसभेत विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी सरकारविरुद्ध अविश्वास प्रस्ताव मांडला. त्या सरकारचे पंतप्रधान मोरारजी देसाईच होते. मतदान होण्याआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. चरणसिंग यांच्या सरकारात चव्हाण उपपंतप्रधान झाले, पण ते सरकार लोकसभेला सामोरे जाण्याआधीच कोसळले.

नंतर ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. त्यांना पूर्वीचे स्थान मिळाले नाही. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी लोकसभा निवडणुकीची धामधूम सुरू असताना दिल्लीत यशवंतरावांचे निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. मोरारजी त्यानंतर दहा वर्षांहून अधिक जगले.